म्हाडाचे घर घेताना: अर्जदाराचे उत्पन्न नाही आणि पैसे कुटुंबाचे आहेत तेव्हा

म्हाडाच्या सोडतीची जाहिरात आली की अनेक घरांत तोच विषय निघतो. आईचे किंवा एकट्या राहणाऱ्या मावशीचे स्वतःचे घर नाही, तिला पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. मुलगा, मुलगी, भाऊ मिळून पैसे उभे करायला तयार आहेत. पण जिला उत्पन्नच नाही तिच्या नावाने अर्ज चालतो का, आणि चालला तर पैसे कोणत्या वाटेने भरायचे, हे कोणालाच नीट ठाऊक नसते. गेली काही वर्षे मी नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या लोकांचे असे अर्ज भरून देत आले आहे. अर्ज भरणे हा यातला सोपा भाग आहे. कुटुंबाने दिलेला पैसा भेट आहे, उसना आहे की कर्जातला वाटा आहे, हे अर्जाच्या आधी ठरवून कागदावर आणणे हा अवघड भाग, आणि बहुतेक घरे नेमकी तिथेच अडतात.

अर्ज चालतो का

चालतो. म्हाडाच्या अत्यल्प, अल्प आणि मध्यम उत्पन्न गटांना वरची मर्यादा असते, आणि अत्यल्प उत्पन्न गटाला खालची मर्यादा नाही. 2022 साली या मर्यादा वाढवण्यात आल्या. तेव्हापासून मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत वार्षिक 6 लाख रुपयांपर्यंत अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प आणि 12 लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट धरला जातो. राज्याच्या इतर बहुतेक भागांत अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख आहे. मोजले जाते ते अर्जदाराचे आणि त्याच्या पती किंवा पत्नीचे मिळून उत्पन्न. कमावता सज्ञान मुलगा एकाच घरात राहत असला तरी त्याचा पगार आईच्या उत्पन्नात धरला जात नाही, आणि म्हणूनच विधवा आईचा अर्ज अत्यल्प गटात बसू शकतो. मात्र तिला पतीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, मुदत ठेवीचे व्याज येत असेल किंवा ती घरी डबे करून देत असेल, तर ते उत्पन्नच आहे आणि ते दाखवलेच पाहिजे. पती हयात आणि कमावता असेल, तर पत्नीचे स्वतःचे उत्पन्न शून्य असूनही गट पतीच्या उत्पन्नावरूनच ठरतो.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्न नसलेल्या बहुतेक बायकांनी विवरणपत्र कधी भरलेले नसते, त्यामुळे दाखल्याचीच वाट धरावी लागते. हा दाखला सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळतो, पण इथे एक गोष्ट जपायला हवी. एरवी शिष्यवृत्तीसाठी किंवा शाळाप्रवेशासाठी काढला जाणारा दाखला अख्ख्या कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो, आणि तोच साचा वापरला तर मुलाचा पगार आईच्या दाखल्यात येऊन बसतो. म्हणून अर्ज देतानाच हा दाखला म्हाडाच्या सोडतीसाठी आणि अर्जदाराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा हवा आहे हे स्पष्ट लिहावे, आणि दाखला हातात आल्यावर त्यावरचे आर्थिक वर्ष जाहिरातीत मागितलेल्या वर्षाशी जुळते का हे तिथेच उभे राहून पाहावे.

बाकीच्या अटी सगळ्यांना सारख्याच आहेत. अर्जदाराचे वय 18 पूर्ण असावे, आणि महाराष्ट्रातल्या वास्तव्यासाठी बारकोड असलेले अलीकडचे अधिवास प्रमाणपत्र असावे. जुने, हाताने लिहिलेले प्रमाणपत्र चालत नाही. अर्जदाराच्या, पती-पत्नीच्या किंवा त्यांच्या अज्ञान मुलांच्या नावे त्या शहराच्या हद्दीत मालकीचे, भाडे-खरेदीचे किंवा गृहनिर्माण संस्थेतले घर नसावे. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरासाठी ही अट आणखी कडक आहे: कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे लागते. विधवा आईच्या बाबतीत इथे विशेष काळजी घ्यावी, कारण पतीच्या नावावरच्या घरात तिचा वारसाहक्काने हिस्सा आलेला असतो आणि तो सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर चढलेला आहे हे पुष्कळदा तिलाच माहीत नसते. ते आधी तपासावे. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्याचे नंतर उघड झाले तर मिळालेले घर रद्द होते, आणि तोवर कुटुंबाचे सगळे पैसे त्यात अडकलेले असतात.

2023 पासून म्हाडाने कागदपत्रांची पडताळणी सोडतीच्या आधीच करायला सुरुवात केली, आणि उत्पन्न नसलेल्या अर्जदाराच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. पूर्वी नाव लागल्यावर महिनोन् महिने फाईल फिरायची. आता पात्र अर्जच सोडतीत जातात. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा, पॅन हवे आणि अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते हवे, कारण नाव न लागल्यास अनामत रक्कम त्याच खात्यात परत येते. मुंबईच्या 2023 च्या सोडतीत अत्यल्प गटासाठी ही अनामत 25 हजार रुपये होती. आईचे खाते कित्येक वर्षे व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेले असेल, तर अर्जाच्या महिनाभर आधी बँकेत जाऊन ते चालू करून घ्यावे. म्हाडाने सोडतीतली घरे विकण्यासाठी कोणताही दलाल नेमलेला नाही. ‘कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपयाही ठेवू नये.

पैसे किती आणि केव्हा लागतील

समजा घराची किंमत 30 लाख रुपये आहे. नाव लागून स्वीकृती दिल्यावर तात्पुरते देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे म्हाडाचे पत्र, येते आणि तिथून मुदत सुरू होते. साधारण रीत अशी, की किमतीच्या 25 टक्के रक्कम 45 दिवसांत आणि उरलेली 75 टक्के त्यापुढच्या 60 दिवसांत भरायची. मुदतवाढ मिळते, पण ती व्याजासह. देकार पत्रावरच्या तारखा मात्र प्रमाण मानाव्यात. म्हणजे आपल्या उदाहरणात दीड महिन्यात साडेसात लाख आणि त्यानंतर दोन महिन्यांत साडेबावीस लाख. यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क धरलेले नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार होते. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर राज्यात 2021 पासून 1 टक्क्याची सवलत आहे, म्हणजे 30 हजार वाचतात. मुलाचे नाव सहमालक म्हणून घातले की ही सवलत जाते. नोंदणी शुल्क 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार.

हे आकडे अर्जाच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून कागदावर मांडावेत. प्रत्येकाने आपण किती देणार, केव्हा देणार आणि कोणत्या नात्याने देणार हे तेव्हाच सांगावे. ‘लागेल तेव्हा बघू’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे, आणि नाव लागल्यावर त्याच घरांत मुदत ठेव मोडायला थोरला तयार नसतो, धाकट्याचा बोनस दिवाळीला असतो आणि जावयाशी अजून कोणी बोललेलेच नसते.

भेट, उसने की कर्ज

भेट हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आईवडील, आजीआजोबा, पती-पत्नी, पतीचे किंवा पत्नीचे भाऊबहीण यांनी दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. मात्र कायद्यातली ‘नातेवाईक’ ही व्याख्या घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते आणि ती आपल्या नात्यागोत्याच्या कल्पनेशी जुळत नाही. मामाने किंवा मावशीने भाच्याला पैसे दिले तर ते करमुक्त, कारण ती त्याच्या आईची भावंडे आहेत. पण भाच्याने मावशीला दिले तर भाचा त्या यादीत नाही. चुलतभाऊ आणि मामेभाऊही नाहीत. अशा लोकांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम 50 हजारांच्या वर गेली की ती सगळी मावशीचे उत्पन्न धरली जाते आणि रक्कम मोठी असेल तर विवरणपत्र भरावे लागते. ज्या मावशीला मूलबाळ नाही आणि जिला भाचेच सांभाळतात, तिच्या बाबतीत हा नियम मनाला लागतो, पण तो आहे. तिथे भाच्याने ती रक्कम उसनी म्हणून लेखी द्यावी हे बरे.

पैसे देणाऱ्याच्या खात्यातून आधी अर्जदाराच्या खात्यात यावेत आणि तिच्या खात्यातून म्हाडाला भरले जावेत. हा क्रम मोडू नये. मुलाने आपल्या खात्यातून परस्पर म्हाडाला पैसे भरले, तर पुढे ते भेट होते की त्याची गुंतवणूक होती याचा पुरावा उरत नाही. प्रत्येक भेटीसाठी साधे भेटपत्र करावे: देणाऱ्याचे आणि घेणारीचे नाव, नाते, रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, आणि ‘ही रक्कम प्रेमाने व विनाअट दिली असून परत मागणार नाही’ हे वाक्य. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि मोठी रक्कम असेल तर नोटरी. आमच्या शेजारच्या एका काकूंनी पासबुकात प्रत्येक जमेच्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘थोरला’, ‘ताई’, ‘भाऊ’ असे लिहून ठेवले होते आणि त्याच क्रमाने भेटपत्रे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावली होती. पुढे बँकेने काकूंच्या वाट्याच्या पैशांचा स्रोत विचारला तेव्हा त्यांनी तो फोल्डर टेबलावर ठेवला, आणि तो विषय पाच मिनिटांत मिटला.

रोख रक्कम टाळावी. उसने म्हणून 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाहीत, आणि कोणाकडूनही एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. दोन्हीसाठी दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. गावाकडून भात विकून आलेले पैसेही आधी देणाऱ्याच्या खात्यात जमा करून मगच पाठवावेत.

पतीने पत्नीला किंवा सासूसासऱ्यांनी सुनेला दिलेली भेट करमुक्त असली तरी त्या पैशातून घेतलेले घर पुढे भाड्याने दिल्यास ते भाडे देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते, एवढे लक्षात ठेवावे.

उसने घ्यायचे असतील तर तेही लिहून घ्यावेत आणि केव्हा फेडायचे हे त्यात असावे. मुदत संपल्यापासून तीन वर्षांत वसुलीचा दावा करता येतो. त्या काळात घेणाऱ्याने ‘रक्कम देणे आहे’ असे पुन्हा लिहून दिले तर मुदत नव्याने सुरू होते. पण मनापासून सांगायचे तर जिला उत्पन्नच नाही तिने उसने कशातून फेडायचे, हा प्रश्न घरातल्या कोणीतरी मोठ्याने विचारला पाहिजे. नाहीतर ते उसने म्हणजे काही वर्षांनी निघणाऱ्या भांडणाची आगाऊ तरतूद ठरते.

आता बँकेचे कर्ज. उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला एकटीला गृहकर्ज मिळत नाही; कमावता सहकर्जदार लागतो. बँकांचा सर्वसाधारण नियम असा, की प्रत्येक सहमालक सहकर्जदार असलाच पाहिजे, पण प्रत्येक सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे घर आईच्या एकटीच्या नावावर आणि हप्ते मुलाच्या पगारातून, अशी मांडणी शक्य आहे. 15 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेतेरा हजार येतो. मुलाची दुचाकी, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी यांचे हप्ते त्याच पगारातून जात असतील तर बँक तेवढे वजा करूनच कर्ज देते. मुलाने हे समजून सही करावी, की कर्ज पूर्ण त्याच्यावर आहे, घर त्याच्या नावावर नाही, आणि मालक नसल्यामुळे हप्त्यांवरची आयकर वजावटही त्याला मिळणार नाही. शिवाय उद्या स्वतःच्या संसारासाठी घर घ्यायला निघाला तर हे कर्ज त्याच्या पात्रतेतून वजा होईल.

सहकर्जदार कोण चालेल याबाबत बँका काटेकोर असतात. आई आणि मुलगा सहज चालतात; भाऊ आणि विवाहित बहीण या जोडीला अनेक बँका तयार होत नाहीत. माझ्या मामेबहिणीला घर लागले तेव्हा तिचा भाऊ हप्ते भरणार हे ठरलेले होते. बँकेच्या शाखेत आधी होकार मिळाला आणि मुदतीचे शेवटचे दहा दिवस उरले असताना वरच्या कार्यालयातून नकार आला. शेवटी तिची नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी सहकर्जदार झाली, कर्ज कमी मिळाले, आणि मधल्या महिन्याचे व्याज भरून मुदतवाढ घ्यावी लागली. तेव्हापासून मी सगळ्यांना अर्जासोबतच दोन बँकांकडून, नेमके कोण सहकर्जदार असेल हे सांगून, तत्त्वतः मंजुरी लेखी घ्यायला लावते. घर तारण ठेवण्यासाठी म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते मागण्याचा अर्ज पहिली रक्कम भरताच करावा.

घर नक्की कोणाचे

हा प्रश्न लाज वाटून टाळला जातो. मुलगा पैसे देतो, घर आईच्या नावावर घेतो आणि मनात धरतो की ‘तसे ते माझेच’. आपण उत्पन्नाच्या अटीत बसत नाही म्हणून आईचे नाव पुढे केले, असाही प्रकार घडतो. तो मला पटत नाही, कारण त्या गटातले ते घर ज्यांना खरोखर आसरा नाही त्यांच्यासाठी राखलेले असते. आणि तो कायद्यानेही धोक्याचा आहे. 1988 च्या आणि 2016 साली कडक केलेल्या बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यानुसार, एकाने पैसे दिले, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे घेतली आणि लाभ मात्र पैसे देणाऱ्यासाठीच राखला, तर तो व्यवहार बेनामी ठरतो. पती-पत्नी आणि मुले यांच्या नावे आपल्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला त्यातून सूट आहे. आईवडील आणि भावंडे यांच्या बाबतीत ही सूट पैसे देणाऱ्याचे नावही कागदपत्रात सहमालक म्हणून असेल तरच मिळते. म्हणून दिलेली भेट मनापासून भेट असावी. घर आईचे, तिने त्यात राहावे, तिने ठरवावे.

आणि घर आईचे असेल तर तिच्यानंतर ते कोणाचे, हेही आजच बोलावे. हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल तर तिची स्वतःची मालमत्ता मुलगे, मुली आणि पती यांच्यात सारखी वाटली जाते. वीस लाख देणाऱ्या मुलाला आणि काहीच न देणाऱ्या मुलाला समान हिस्सा. कुटुंबाला तेच मान्य असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आईने मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि कोणी किती दिले याचा उल्लेख करून कोणाला काय मिळावे ते लिहावे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून एखाद्याचे नाव नोंदवले की घर त्याचे झाले, अशी समजूत सर्वत्र आहे; ती चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने घर सांभाळणारी असते, वारसा मृत्युपत्रावरून किंवा कायद्यावरून ठरतो.

ताब्यानंतरचा महिना

ताबा मिळाल्याच्या आनंदात महिन्याच्या खर्चाचा विसर पडतो. संस्था स्थापन होईपर्यंत म्हाडा सेवा शुल्क आकारते, नंतर संस्थेची वर्गणी, मालमत्ता कर, वीज, पाणी, उद्वाहनाची देखभाल. उत्पन्न नसलेल्या बाईला दर महिन्याला कोणाकडे तरी मागावे लागणे हे घर घेऊन दिल्याच्या मोठेपणावर पाणी फिरवते. ज्या घरांनी हे नीट केले तिथे मुलांनी आईच्या खात्यावर ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप जमा होईल अशी बँकेला सूचना देऊन ठेवली आहे. तिला फोन करावा लागत नाही.

सोडतीची वाट पाहणे जमत नसेल तर म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळींज, शिरढोण, खोणी, भंडार्ली अशा ठिकाणची न विकली गेलेली घरे प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या तत्त्वावर दिली गेली आहेत, आणि त्यांतल्या काही योजनांत अटी बऱ्याच सैल असतात. तिथे अर्ज करण्याआधी आईला एकदा लोकलने, गर्दीच्या वेळी, त्या जागी नेऊन आणावे. दवाखाना किती लांब आहे, स्थानकापासून रिक्षा मिळते का, नळाला पाणी किती वेळ येते हे तिथे राहायला आलेल्या बायकांनाच विचारावे. म्हाडाचे घर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे विकता येत नाही, त्यामुळे तिथे तिला करमणार नसेल तर ते पैसे भरण्यापूर्वीच कळायला हवे.